जाताना ॲम्प रडला का?

एका गिटारच्या ॲम्प्लिफायरवर माणसाकडं किती किस्से साचावेत? माझ्याकडं चार महिन्यांत एवढे साचलेत की मैत्रिणी फोन करतात आणि 'कशी आहेस' च्या आधी 'ॲम्प कसा आहे' असं विचारतात. म्हटलं, एकदाच लिहून टाकावं.

अकरा वर्षं मी बाहेर होते. शेवटची चार बंगळूरला, साउंड इंजिनिअरिंग शिकायला. शिकून झाल्यावर परभणी जिल्ह्यात झरीच्या पुढच्या आमच्या गावात परतायचं आणि मुलींचा बँड काढायचा, हे तिथंच ठरलं होतं. गाव विरोध करणार याची मला खात्री होती. मुलींच्या हातात इलेक्ट्रिक गिटार म्हणजे काय चेष्टा आहे? येताना बसमध्ये मी भाषण तयार केलं. चौदा मुद्दे होते. अकराव्या मुद्द्यावर माझा मलाच गहिवर आला होता.

विरोध कुणी केलाच नाही! भाषण तसंच पडून आहे. गावानं मला केली ती मदत. आणि मदत किती भयंकर असू शकते हे बंगळूरला शिकवत नाहीत.

शाळेच्या हेडसरांनी पहिल्याच दिवशी मागची खोली उघडून दिली. शाळेच्या खिचडीच्या तांदळाची पोती त्यांनी एका भिंतीला सरकवली आणि अट सांगितली.

"मॅडम, गॅदरिंगपर्यंत वापरा. पुढं तांदळाची मोठी गाडी येणार हाय. खोली तुमाला की तांदळाला, ते तात्या ठरवतेत."

तात्या म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. माझी गिटार वाजवणारी नववीतली गौरी त्यांचीच नात. वाटलं, मग काय, घरचंच काम! गौरी म्हणाली, "मॅडम, तुमी तात्यांना वळखत न्हाई. मला चित्रकलेच्या स्पर्धेत त्यांनीच नापास केल्तं."

*

पहिला दिवस. चार मुली, एक गिटार, माझा सेकंडहँड ॲम्प, आणि खिडकीत अख्खी शाळा. आधी नऊपासून अर्धा तास मी प्रस्तावना केली. मग गौरीनं पहिला कॉर्ड वाजवला. पत्रे हादरले. दुसरा वाजवला. तिसऱ्याला ॲम्प गेला. खरखर नाही, धूर नाही, वास नाही. मोठ्यानं बोलणारा माणूस मधेच उठून निघून जावा, तसा.

मी बटणं फिरवतेय, वायर हलवतेय. आणि खिडकीतून टाळ्या सुरू झाल्या!

खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात आल्या, पदरानं हात पुसत म्हणाल्या, "लय भारी झालं. पण गाणं लहान हाय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ॲम्प पुन्हा ठणठणीत. साडेनऊच्या सुमाराला पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी तेच. मी इंजिनिअर आहे. मी निदान केलं: अर्ध्या तासात तो तापतो आणि बंद पडतो. थर्मल प्रॉब्लेम! मी हे फळ्यावर आकृती काढून समजावलं.

गावानं त्यातला एकच शब्द उचलला. 'त्याला ताप येतो.'

मग काय विचारता! एकानं ओल्या फडक्याच्या घड्या सुचवल्या. एकानं शिलाई मशीनचं तेल आणून दिलं. हेडसरांनी मात्र सगळ्यांना गप्प केलं. त्यांचा मोबाइल एकदा हौदात पडला होता आणि दोन दिवस तांदळात ठेवल्यावर जिवंत झाला होता.

"मॅडम, तांदळात ठिवा. तांदळाला आपल्याकडं काय कमी हाय?"

मी नको नको म्हणेपर्यंत ॲम्प दोन पोत्यांच्या मधे बसवला गेला. वरून तिसरं पोतं सोडून ओतायची तयारी होती, ती तेवढी मी थांबवली. हे झालं गुरुवारी. शुक्रवारी ॲम्प तासभर वाजला! शनिवारीही वाजला! हेडसर दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होते.

सोमवारी साडेनऊला पुन्हा गेला. हेडसरांनी पोत्यात हात घातला, मूठभर तांदूळ हुंगला आणि म्हणाले, "मागच्या वर्षीचा हाय. गुण उतरला."

*

परभणीत बसस्टँडच्या मागं शोभाकाकूंचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारींमध्ये नवी तांब्याची तार भरून देणं हे त्यांचं मुख्य काम. मिक्सर, भोंगे, टेबलफॅन हे मधल्या वेळेत. दुरुस्तीचा त्यांचा एक क्रम आहे: "आधी नाक, मग कान, मग डोळे. स्क्रू सगळ्यात शेवटी." मी त्यांना फोन केला तेव्हा जीपमध्ये बसले होते, ॲम्प मांडीवर घेऊन. काकूंनी पहिलाच प्रश्न विचारला.

"जाताना रडला का?"

म्हणजे बंद पडण्याआधी घरघरला का, कुरकुरला का. यावरून त्यांना अर्धं कळतं. मी म्हणाले, "नाही काकू, अजिबात रडला नाही. गाता गाता एकदम गेला."

"आधी काई तरास?"

"थोडा ताप होता."

फोन ठेवला तर अख्खी जीप माझ्याकडं बघत होती. ड्रायव्हरनं गाणी बंद केलेली. शेजारच्या आजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कोन व्हता माय तुझा?"

"ॲम्प होता, आजी."

"अंबादास!" आजींनी मागं वळून सगळ्यांना सांगितलं. मग हळूच, "केवढा व्हता?"

"चार वर्षांचा."

आजींनी पदर डोळ्याला लावला. मागच्या सीटवरच्या दोघी बायाही सुरू झाल्या. मी समजवायला तोंड उघडलं, पण 'रडू नका, तो तांदळात ठेवल्यावर पुन्हा वाजला होता' हे वाक्य त्या क्षणी कसं म्हणायचं, ते मला सुचेना. उतरताना आजींनी पिशवीतली दोन केळी माझ्या हातात ठेवली.

"सकाळपून काई खाल्लं नसशील."

खाल्लं नव्हतंच. मी दोन्ही खाल्ली.

*

दुकानात ॲम्प लावला आणि तो वाजायला लागला. अर्धा तास, तास, अख्खी दुपार! मी शरमेनं लाल. दवाखान्यात गेल्यावर पोटदुखी थांबते ना, अगदी तसं.

मी वही काढली. कॉलेजात शिकवलेली बारा पायऱ्यांची तपासणी होती. फ्यूज बदलला. मागच्या दोन जॅकमध्ये छोटी वायर जोडून पाहिली, तिथले संपर्क गंजले तर आवाज असाच जातो. पाठ उघडून प्रत्येक जोड हलवला. काकू मोटारीत तार भरता भरता तिरक्या नजरेनं बघत होत्या.

"तू स्क्रूपासून सुरुवात केलीस," त्या म्हणाल्या.

"मग कशापासून करू?"

"घरापासून. त्याच्या घरी व्होल्टेज बघितलं का?"

"बघितलं ना काकू! दोनशे तीस. एकदम परफेक्ट." हे खरं होतं. मी मीटर लावून मोजलं होतं. शनिवारी, निवांत.

काकूंनी ॲम्प तीन दिवस ठेवून घेतला आणि मोबाइल जोडून भजनं ऐकली. मी न्यायला गेले तर त्यांना तो द्यावासा वाटेना.

"याला काईबी झालेलं न्हाई पोरी. याला इथं करमतं. तुमच्या गावात याला कोन तरी बोलतंय!"

*

शेवटी शोध लावला तो गौरीनं. तिनं वहीच्या मागच्या पानावर खुणा केल्या होत्या. सोमवार ते गुरुवार ॲम्प साडेनऊला जातो. शुक्रवार, शनिवार मजेत वाजतो. प्रत्येक आठवड्यात, न चुकता!

मी वही घेऊन विचारात पडले. चार दिवस बंद, पुढं चालू. असं कोणता पार्ट करतो? मुली एकमेकींकडं बघून तोंडावर ओढणी दाबायला लागल्या.

"काय झालं?"

"मॅडम," गौरी म्हणाली, "चार दिवस ना? मग तो बाजूला बसत असंल."

मी आधी रागवणार होते. याच विषयावर माझ्या भाषणात सातवा मुद्दा होता! पण मला हसू आलं आणि मग ते थांबेना. तेव्हापासून ॲम्प गेला की आमच्या खोलीत 'बाजूला बसला' असंच म्हणायचं ठरलं.

हेडसरांनी ते कुठून तरी ऐकलं. सोमवारी प्रार्थनेनंतर, अख्ख्या शाळेसमोर, काळजीनं विचारलं, "काय गौरी, बसला का बाजूला?"

आठवी आणि नववीच्या मुलींची रांग मोडली ती पुन्हा लागलीच नाही. खिचडीवाल्या मावशी तेवढ्या गंभीर राहिल्या.

"दर आठवड्याला?" त्या म्हणाल्या. "बेजार झाला आसंल बिचारा."

*

गॅदरिंगचं आमंत्रण द्यायला मी तात्यांकडं गेले. ते आखाड्यावर असतात, म्हणजे शेतातल्या त्यांच्या घरी. हरभऱ्याला पाणी चालू होतं. आमच्याकडं शेताची लाइट, म्हणजे मोटारींची थ्री-फेज, ठरलेल्या वेळी येते, आणि मोटारी 'ऑटो'वर लावलेल्या असतात. लाइट आली की त्या आपल्या आपण सुरू होतात. आता तर बहुतेकांनी मोटारीला सिमकार्ड बसवलंय. घरी बसून फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद, आणि आतली बाई तसं बोलूनही सांगते. गावातल्या बायकांची तक्रार आहे की नवरे आमचा फोन उचलत नाहीत आणि मोटारीला दिवसातून चारदा लावतात.

तात्यांनी मात्र ते घेतलेलं नाही. "मोटारीला फोन लावायचा? ती काय उचलती? आन आपुन काय बोलायचं तिच्यासंगं?"

मी खोलीचा विषय काढला. म्हटलं, तात्या, एवढ्या मुली शिकताहेत, तुम्ही आत्ताच हो म्हणून टाका.

"न ऐकता?" ते खरंच चकित झाले. "गॅदरिंगला येतो. सोता ऐकतो. ऐकल्याबिगर हो न्हाई आन ऐकल्याबिगर न्हाईबी न्हाई."

मग त्यांनी मला ओंजळभर हरभऱ्याचे घाटे दिले आणि विचारलं, "किती येळ वाजवणार?"

"वीस मिनिटं."

"लय हाय. पण बसंन."

*

गॅदरिंग शनिवारी ठरलं होतं. मी निर्धास्त. शनिवारी तो बाजूला बसत नाही! मग पाहुण्यांना शनिवारी वेळ नाही असं कळलं आणि हेडसरांनी ते बुधवारी घेतलं.

मी शोभाकाकूंना हातापाया पडून बोलावलं. त्या एक भरलेली मोटार पोहोचवायला तशाही गावात येणार होत्या. बुधवारी सकाळी शाळेसमोर मंडप, पुढच्या रांगेत पाहुणे, त्यांच्या शेजारी पांढऱ्या टोपीत तात्या. एका खुर्चीवर काकू. पाहुण्यांसमोर मोठा स्टँडफॅन. जानेवारीत आमच्याकडं फॅनची गरज नसते, पण मान असतो.

थर्मल प्रॉब्लेम लक्षात ठेवून मी ॲम्प सावलीत, ओल्या पोत्यावर, बंद ठेवला होता. आमचा नंबर पहिला. स्वागत, दीप, नारळ, पाहुण्यांचे दोन शब्द. ते दोन शब्द साडेनऊला दोन मिनिटं कमी असताना संपले. मी ॲम्प चालू केला. गौरी उभी राहिली. चार ओळी अशा वाजल्या की झाडावरची पाखरं उडाली.

आणि ॲम्प गेला.

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या पाठीकडं धावले. तेवढ्यात काकूंचा आवाज आला.

"पोरी, त्याला सोड. फॅन बघ."

मी बघितलं. पाहुण्यांसमोरचा फॅन इतका हळू फिरत होता की त्याची पाती मोजता येत होती.

"किती वाजले?" काकूंनी विचारलं.

"साडेनऊ."

"शेताची लाइट किती वाजता येती तुमच्यात?"

हेडसर म्हणाले, "सोमवार ते गुरुवार साडेनऊ. बाकी दिवस रात्री."

पुढं काही बोलावं लागलं नाही. शाळा शेताकडच्या डीपीवर, म्हणजे मोटारींच्याच ट्रान्सफॉर्मरवर आहे. साडेनऊला लाइट येते, ऑटोवरच्या सगळ्या मोटारी एका दमात सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. चार महिने मी ॲम्पच्या पोटात डोकं घालून बसले होते! आमच्या खोलीत फॅनच नव्हता. नाहीतर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

भोंगा बॅटरीवर होता. काकूंनी माइक घेतला.

"ज्यांच्या ज्यांच्या मोटारी ऑटोवर हायत, त्यांनी वीस मिनिटं बंद करा. पोरींना वाजवायचं हाय!"

मंडपातल्या माना एकमेकांकडं वळल्या. मग एका माणसानं खिशातून मोबाइल काढला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्या मंडपानं! पन्नासेक माणसं कानाला फोन लावून बसली आणि चहूकडून एकच बाई बोलायला लागली, "आपली मोटार बंद झाली आहे." इकडून, तिकडून, मागून, "आपली मोटार बंद झाली आहे." प्रत्येक वाक्याला फॅन थोडा वेग घेत होता. एकानं गडबडीत भलताच नंबर लावला आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला, "मी काय बंद करू वो?"

फॅन बराच वर आला, पण पुरा नाही. ॲम्प अजून मुका. काकूंनी कानामागं हात धरून शेताकडचा कानोसा घेतला.

"एक राहिली. मोठी हाय. दहा एचपीची." मग सावकाश पुढच्या रांगेकडं बघितलं. "मागच्या महिन्यात मीच भरलीय ती. आवाज वळखते मी."

सगळा मंडप तात्यांकडं बघायला लागला. तात्यांनी गौरीकडं बघितलं. गिटार गळ्यात, हात तारांवर, ओठ घट्ट. मग ते उठले, टोपी नीट केली, चपला घातल्या आणि आपल्या जुन्या मोपेडवर बसून आखाड्याकडं निघाले.

दहा मिनिटांनी फॅन एकदम भणाणला. पाहुण्यांच्या हातातला कागद उडाला. आणि ॲम्प बोलला!

मुली वीस मिनिटं वाजवत होत्या. कशा वाजवत होत्या ते मी सांगणार नाही, कारण मी निःपक्ष नाही. एवढंच सांगते की खिचडीवाल्या मावशी शेवटी म्हणाल्या, "आता पुरं झालं गाणं." गौरी मात्र सारखी पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होती.

तात्या परतले तेव्हा रांगोळीची बक्षिसं चालू होती.

हेडसरांनी सगळ्यांसमोर आनंदानं विचारलं, "मग तात्या, खोली द्यायची ना पोरींना? उद्या सकाळी दहाला तांदळाची गाडी यायलीय."

तात्यांनी पायाचा चिखल खुर्चीच्या पायाला पुसला.

"मी कुठं ऐकलं? मोटारीपाशी बसून व्हतो. ऑटो हाय, पुन्हा चालू झाली तर?"

"पण सगळ्यांनी ऐकलं की तात्या!"

"सगळ्यांनी ऐकलं. मी न्हाई ऐकलं. न ऐकता कसं सांगू?"

रात्रभर मी माझं चौदा मुद्द्यांचं भाषण आठवून पाहिलं. तात्यांना लागू पडेल असा त्यात एकही मुद्दा नव्हता.

सकाळी उठले आणि ठरवलं. शाळेत जायचंच नाही. ॲम्प दुधाच्या गाडीत घातला, मुलींना मागं बसवलं आणि गाडी आखाड्याकडं वळवायला सांगितली. गौरी म्हणाली, "मॅडम, आज गुरुवार हाय. आज तो बाजूला बसतो." मी म्हटलं, बसू दे, बाकीच्या मोटारी फोनवर बंद करून घेऊ.

पावणेदहाला हेडसरांचा फोन आला.

"मॅडम, कुठं हायत तुमी? गाडी लवकरच आली. हमाल पोतं पाठीवर घेऊन दारात उभा हाय. खोलीचं काय सांगू?"

"सर, त्याला वीस मिनिटं थांबायला सांगा," मी म्हटलं. "तात्या मोटार बंद करायलेत."